‘हो’ची काठी

मंगळवार, ३ मार्च

सूनबाईला आज होकार मिळाला. खरं तर अर्धा. मागच्या रस्त्यावरच्या वृद्धनिवासाच्या संचालिका म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत वापरून बघू. चाललं तर आमच्या सगळ्या निवासांत घेऊ. पण आधीच सांगते, दर दोन दिवसांनी तुम्हाला बोलवावं लागेल असं काही नको. तुम्ही नसताना चाललं पाहिजे."

तिनं केलेलं ॲप दिसायला अगदी साधं आहे. फोनच्या पडद्यावर बिस्किटाएवढं गोल बटण. खोलीतल्या माणसानं ते दाबलं की खाली सिस्टरच्या टेबलावरचा टॅब वाजतो आणि खोलीचा नंबर दिसतो. बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी अडत नाही, कारण हाक इमारतीतल्या इमारतीतच, वायफायवरून जाते.

ही कल्पना तिला माझ्यामुळे सुचली, हे इथे थोड्या अभिमानानं नोंदवतो. गेल्या वर्षी न्हाणीघरात माझा पाय घसरला. मी हाका मारत राहिलो आणि सूनबाई शेजारच्याच खोलीत कानाला हेडफोन लावून काम करत होती. माझं हाड काही मोडलं नाही, पण तिला मात्र ते फार लागलं. पुढच्याच महिन्यात तिनं नोकरी सोडली.

ती नोकरी आता पुन्हा दाराशी आली आहे. लांबच्या शहरातल्या कचेरीत जागा आहे, एकतीस तारखेपर्यंत कळव, असं जुन्या साहेबांनी लिहिलंय. मुलगा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. वर्षातून दोनदा घरी येतो. हिचं ॲप चाललं नाही तर हिनं तिकडे जायचं आणि मी वृद्धनिवासात खोली घ्यायची, असं आमचं शहाण्यासारखं ठरलं आहे. तिथे सगळे ओळखीचे आहेत, उजेड चांगला येतो. मला काहीच अडचण नाही, असं मी तिला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तर म्हणाली, "बाबा, कळलं. चहा गार होतोय."

गुरुवार, ५ मार्च

गुरुवारची सभा रंगली. वृद्धनिवासाच्या जेवणघरात दर गुरुवारी दुपारी मी शाळेतल्या कविता म्हणवून घेतो. मोठेपणी वाचलेलं कुणाला काही आठवत नाही, पण चौथीतलं कडवं मी अर्ध्यावर सोडलं की पुढचं अर्धं कोपऱ्यातून कुणीतरी अलगद उचलून देतं. शाळेतली बाकं, खिडकीतून येणारी उन्हाची पट्टी, खडूचा वास, सगळं त्या अर्ध्या ओळीला लोंबकळून येतं. शिवणबाई, ज्यांनी जन्मभर मुलांचे गणवेश शिवले, त्या म्हणताना पाय असा हलवतात की खाली मशीनच आहे.

आज मात्र माझी स्वतःची रचना होती. मागच्या महिन्यात तिथल्या एका आजोबांना फोननं काहीतरी विचारलं, आजोबांनी सौजन्यानं ‘हो’ दाबलं, आणि त्यांच्या नावानं यच्चयावत नातेवाइकांना केस वाढवायच्या तेलाच्या जाहिराती गेल्या. आजोबांच्या डोक्यावर एक केस नाही. तेव्हा संचालिका म्हणाल्या होत्या, "काका, यांना पाठ होईल असं काहीतरी करून द्या." तर हे घ्या:

फोन विचारिल तुम्हास जेव्हा,
बोट आवरा अपुले तेव्हा;
गोड बोलुदे कितीहि काही,
उत्तर एकच: नाही, नाही.

मात्रा मोजून पाहाव्यात. एकही सांडलेली नाही. सगळ्यांनी तर्जनी हलवत पाच-सहा वेळा म्हटली. शिवणबाई म्हणाल्या, "आता मरेपर्यंत विसरायची नाही." एखाद्या कवीला याहून काय हवं असतं?

इंजिनवाले नेहमीप्रमाणे आले नाहीत. जहाजावरची इंजिनं सांभाळून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. सभेची घंटा झाली की हे काठी उचलून आवारात फेऱ्या मारायला निघतात. वाटेत मला म्हणाले, "तुमच्यापेक्षा माझा पंप सुरात असायचा."

शुक्रवार, ६ मार्च

सूनबाईनं सिस्टरच्या टेबलावरच्या टॅबवर आणि सिस्टरच्या फोनवर ॲप बसवून दाखवलं. बटण दाबलं, टॅब वाजला, संचालिका हसल्या. निवासातल्या सगळ्यांना कुणा दात्यानं एकाच प्रकारचे फोन दिलेत. त्यांवर तिनं निवासाच्या ऑफिसात बसून ॲप पाठवून दिलं आणि ‘आपापल्या खोलीत उघडून पाहा’ अशी पाटी जेवणघरात लावली.

मी म्हटलं, "प्रत्येकाजवळ उभी राहून दाखव ना."

"मी उभी राहिले की ते मलाच विचारत बसतील, बाबा. मी नसताना चालायला हवं."

दूरदृष्टी आहे मुलीला.

सोमवार, ९ मार्च

चालत नाही. सिस्टरचा फोन टॅब वाजवतो, घरी माझा फोन हिचा लॅपटॉप वाजवतो, हिचा स्वतःचाही वाजवतो. खोल्यांतले फोन मात्र मुके. बटण दाबलं की एक चक्र फिरतं आणि खाली ओळ येते: ‘टेबल सापडलं नाही’. शिवणबाईंनी सिस्टरना विचारलं, "टेबल हलवलंत का हो?"

सूनबाई हसली नाही. जेवताना ताटातल्या भाताचे तिनं नुसतेच ढीग केले.

मंगळवार, १० मार्च

मला समजेल असं तिनं आज समजावून सांगितलं. फोन आधी त्या वायफायवर ओरडतो, ‘टेबल कुठाय?’ टॅबनं ‘इथे आहे’ म्हणायचं असतं. मधे कुणीतरी ते ओरडणं अडवतंय. मी जन्मभर टेलिफोन एक्सचेंजात बसलेला माणूस. मला हे लगेच पटलं. आमच्याकडे समोर बोर्ड असायचा, हातात दोरीची पिन, आणि एका भोकातून दुसऱ्यात माणसाचा आवाज आपण स्वतःच्या हातानं नेऊन पोचवायचा. किती प्रेमं, किती भांडणं माझ्या या बोटांतून गेली.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय. मधे ऑपरेटर कोण आहे ते शोध."

"राउटर आहे." असं म्हणून ती वायफायच्या तारवाल्याला घेऊन निवासात गेली. पाहुण्यांच्या वायफायवर एक फोन दुसऱ्याला दिसू द्यायचा नाही, असा बंदोबस्त होता म्हणे. तो काढला. संध्याकाळी ती शीळ वाजवत आली.

बुधवार, ११ मार्च

तरीही चालत नाही.

शनिवार, १४ मार्च

दोन दिवस ती खोलीतून फारशी बाहेर आली नाही. आज सकाळी मला बोलावून पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. ॲपच्या पोटात एक कागद असतो, म्हणजे कागदासारखं काहीतरी; त्यात या ॲपला कशाकशाची परवानगी लागेल आणि का, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. त्यातली ‘का’ची ओळ तिनं फारच त्रोटक लिहिली होती. ती तिनं नीट लिहिली आणि सगळ्या फोनांवरच्या जुन्या ॲपवर नवं चढवलं.

एका ओळीसाठी दोन दिवस खर्च करताना मी यापूर्वी फक्त कवींनाच पाहिलं होतं. तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "कवीची ओळ चुकली तर कुणी न्हाणीघरात पडून राहत नाही, बाबा." बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं असावं. माझ्या चहात तिनं साखर जास्त घातली.

मंगळवार, १७ मार्च

आज खरा उलगडा झाला आणि त्यानं गुंता वाढला.

तिनं एकेका फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. तिथे एक छोटी खिट्टी असते: या ॲपला आसपासच्या यंत्रांशी बोलू द्यायचं की नाही. ती खिट्टी एक सोडून सगळ्या फोनांवर बंद. शिवणबाईंची तिनं हातानं चालू केली, तर टॅब लगेच वाजला. पुन्हा बंद केली, पुन्हा मुका.

"मग सगळ्यांच्या चालू करून टाक. झालं."

"आज टाकीन. उद्या नवीन माणूस येईल, फोन बदलेल, की परत तेच. मी नसताना चालायला हवं, बाबा. ही बंद होतेय कशानं ते कळायला नको? फोन पहिल्यांदा ॲप उघडताना माणसाला एकदाच विचारतो. नाही म्हटलं की पुन्हा कधीच विचारत नाही."

"ट्रंककॉलसारखं. ‘कॉल आहे, घेता का?’ ‘नाही.’ की आम्ही पिन काढली."

"अगदी तसंच. पण इतक्या सगळ्यांनी एकजात नाही कशाला म्हणायचं? मी विचारलं त्यांना. सगळे म्हणाले, आम्ही काही दाबलंच नाही."

शिवणबाई तर तिला म्हणाल्या, "बाई गं, भलतंसलतं दाबायची आम्हाला सवयच नाही." तेव्हा आपल्याच ॲपमध्ये काही चूक आहे आणि तेच खिट्टी पाडतंय, अशी तिची खात्री होत चालली आहे. यंत्रालाही लहर येत असेल, असं मी म्हटलं. ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली.

एकच फोन राउटरचा बंदोबस्त काढल्यापासून ठणठणीत चालतोय. कुणाचा असावा? इंजिनवाल्यांचा.

गुरुवार, १९ मार्च

सभेला गर्दी होती. मी काही सांगायच्या आतच सगळ्यांनी उत्स्फूर्तपणे माझं ‘नाही, नाही’ म्हटलं. एकदा तर फोन वाजला तेव्हाही म्हटलं, आणि ज्यांचा होता त्यांनी तो बंदच केला. नंतर कळलं, त्यांच्या मुलीचा होता.

बाहेर इंजिनवाले फेऱ्या मारत होते. मला थांबवून म्हणाले, "तुमच्या सुनेचं यंत्र छान आहे. काल रात्री पायात गोळा आला, दाबलं बटण, सिस्टर हजर. हुशार आहे पोरगी. तुमच्यावर गेलेली नाही."

"सून आहे हो, माझ्यावर कशी जाईल?"

"तेच म्हणतोय, नशीब आहे तिचं."

शुक्रवार, २० मार्च

सूनबाईनं जुन्या साहेबांना लिहायला घेतलं होतं. मी चष्मा शोधत तिच्या खोलीत गेलो तेव्हा पडद्यावर दोनच ओळी होत्या. ‘आपल्या पत्राबद्दल आभार. मी’ एवढ्यावर थांबलेली. वृद्धनिवासाच्या त्या खोल्यांत खरंच उजेड चांगला असतो, असं मी तिला पुन्हा एकदा सांगितलं. तिनं लॅपटॉप मिटला.

वातावरण हलकं करावं म्हणून मी इंजिनवाल्यांचं गाऱ्हाणं काढलं. "न्याय नाही बघ जगात. इतक्या लोकांतून एकाचा फोन चालावा, आणि तोही कोणाचा? जो माणूस आजवर एकदाही माझ्या सभेला आला नाही त्याचा. बाकी सगळी रसिक मंडळी, तर त्यांचे फोन मुके."

ती माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ की मला वाटलं, चष्मा डोक्यावरच असावा. होताही.

"बाबा, तुमच्या सभेत काय काय होतं?"

इतक्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदाच विचारलं. मी खुर्ची ओढून बसलो. जुन्या कवितांबद्दल सांगितलं, मग थोडे आढेवेढे घेत म्हटलं, "हल्ली माझी स्वतःची एक फार गाजतेय."

"म्हणा ना."

मी तर्जनीसकट म्हटली. ती ऐकताना हलली नाही. पापणीही नाही. कवितेचा असा परिणाम मी आमच्या मास्तरांच्या वर्गातच पाहिला होता. मग अगदी हळू म्हणाली, "ही तुम्ही कधी शिकवलीत त्यांना?"

"पाच तारखेला. तुझं ॲप बसलं त्याच्या आदल्या दिवशी."

"परत म्हणा," ती म्हणाली.

शनिवार, २१ मार्च

मला घेऊन ती निवासात गेली. शिवणबाईंच्या खोलीत त्यांचा फोन मागून घेतला, ॲप मुळापासून काढून टाकलं, पुन्हा घातलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. "आता तुम्हीच उघडा, आजी. मी काही बोलणार नाही."

शिवणबाईंनी उघडलं. पडद्यावर प्रश्न आला. त्यांनी तर्जनी वर केली, पाय हलवला, माझं अख्खं कडवं म्हटलं आणि शेवटच्या ‘नाही’वर ‘नाही’ दाबलं. मग फोन परत देत म्हणाल्या, "बघ, मी काही दाबलंसुद्धा नाही."

सूनबाई हसायला लागली. खाटेच्या कडेवर बसून, तोंडावर ओढणी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तीन आठवड्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. शिवणबाईही हसल्या, मीही हसलो. माझ्या कवितेत विनोदाचं अंग आहे हे मला ठाऊक होतं, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं.

"चूक सापडली का?" मी विचारलं.

ती डोळे पुसत म्हणाली, "सापडली. माझीच होती, बाबा. फोन विचारतो त्याच्या आधी मी स्वतः काहीच सांगत नव्हते. परका माणूस दारात उभा राहून एकदम आत येऊ का म्हणाला, तर कोण हो म्हणेल?"

आपली चूक अशी सरळ कबूल करणारी माणसं आता कमी राहिली आहेत.

रविवार, २२ मार्च

आज एक अजब घडलं. कवितेचं नाव काढलं की जांभई देणारी ही मुलगी सकाळी माझ्या खुर्चीशी येऊन बसली.

"बाबा, तुमच्या त्या कवितेला दुसरं कडवं नाही का?"

"नाही. ती संपूर्ण आहे."

"मला ती थोडी अपुरी वाटते."

मी चकित झालो. म्हणजे तिनं विचार केला होता. "कुठे अपुरी वाटते?"

"नाही म्हणायला शिकवलंत ते बरोबरच आहे. पण हो कधी म्हणायचं, ते राहिलं. कोण विचारतंय, कशाला विचारतंय, ते आधी बघायचं आणि मग ठरवायचं, असं काहीतरी. मला ॲपमध्ये घालायचंय. प्रश्न यायच्या आधी. तुमच्या आवाजात."

माझ्या आवाजात. एक्सचेंजात असताना माझा आवाज रोज हजारो लोक ऐकत, पण ‘थांबा, जोडतो’ यापलीकडे त्याला काही म्हणायची मुभा नव्हती.

मंगळवार, २४ मार्च

कडवं सुचेना. दोन दिवस मात्रा मोजतोय. ‘परवानगी’ हा शब्द चालीत बसत नाही, ‘वायफाय’ तर पायरीवरून घरंगळतोच. सूनबाई शेजारच्या खोलीत नवा पडदा बनवतेय. कुणी चुकून नाही म्हटलंच, तर ‘टेबल सापडलं नाही’ असं न म्हणता ॲप आता खिट्टी कुठे आहे तिथे हात धरून घेऊन जाईल. भिंतीपलीकडे तिची बोटं टकटक करतात, अलीकडे माझी मोजतात. मधूनच ती विचारते, "झालं का, बाबा?" मी विचारतो, "तुझं?" दोघांचंही नाही.

दुपारी माझी काठी नेहमीच्या जागी, दाराआड, सापडेना. शोधताशोधता शेवटची ओळ सापडली.

बुधवार, २५ मार्च

कोण विचारी, कशास, पाहा,
क्षणभर आधी थबकुन राहा;
हाक आपुली जाण्यासाठी
‘हो’ची द्यावी हाती काठी.

तिनं ते कडवं वाचलं. शेवटची ओळ तेवढी दोनदा वाचली. मग खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि माझ्यासमोर फोन धरला. तीनदा ध्वनिमुद्रण झालं. पहिल्यांदा मी सवयीनं सुरुवातीला "थांबा, जोडतो" म्हणालो. तिनं तेच ठेवलं.

गुरुवार, २६ मार्च

सभेत दुसरं कडवं शिकवलं. सूनबाई मागच्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर म्हणत होती. तिचा सूर थोडा खाली लागतो, पण ताल पक्का आहे. बाहेरून इंजिनवाल्यांनी खिडकीतून डोकं घातलं आणि म्हणाले, "काठीचं काय ते पुन्हा म्हणा." आत मात्र आले नाहीत.

शनिवार, २८ मार्च

सगळ्या फोनांवरून जुनं काढून नवं पाठवलं. सूनबाई स्वतः निवासात गेलीच नाही. घरी बसून नखं खात होती. चारच्या सुमाराला सिस्टरचा फोन आला. पलीकडे इतका गलका की मला वाटलं, आग लागली.

"अहो, सगळे एकदम दाबतायत," सिस्टर ओरडत होत्या. "प्रत्येक खोलीतून काका कविता म्हणतायत आणि माझा टॅब वाजायचा थांबत नाही. थांबवायचं कसं ते सांगा."

सूनबाई म्हणाली, "थांबवू नका. थोडा वेळ वाजू द्या."

सोमवार, ३० मार्च

संचालिकांनी सही केली. चारही निवास. सूनबाईनं जुन्या साहेबांना अर्धवट राहिलेली ओळ पूर्ण करून पाठवली: ‘मी इथेच आहे.’

मी तिला एक शंका विचारली. "ॲपमध्ये दुसरंच कडवं घेतलंस. पहिलं का नाही?"

"पहिलं सगळ्यांना पाठ आहे, बाबा. फार पाठ आहे."

तेही खरंच. लोकांच्या तोंडी बसलेलं पुन्हा कशाला ऐकवायचं? पण मला वाटतं, तिला माझं पहिलं कडवंही मनातून आवडतं. शिवणबाईंचा किस्सा ती मुलाला फोनवर सांगत होती, तेव्हा दोघं किती वेळ हसत होते. मी खोलीत गेल्यावर मात्र विषय बदलला. माझ्या तोंडावर स्तुती करायची तिला सवय नाही.

मंगळवार, ३१ मार्च

माझ्या फोनवरही तिनं नवं ॲप घातलं. या वेळी उघडायला मलाच सांगितलं. उघडलं. माझाच आवाज आला, "थांबा, जोडतो," मग कडवं, मग प्रश्न. इतक्या आदबीनं विचारल्यावर माझी बिशाद काय नाही म्हणायची.

थोड्या वेळानं, आपलं बघावं म्हणून, ते गोल बटण दाबलं. शेजारच्या खोलीत वाजलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि हेडफोन गळ्यात तसाच अडकवलेली सूनबाई धावत दारात आली.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. वाजतंय का ते बघितलं."

"वाजतंय." तिनं श्वास घेतला. परत जाईल असं वाटलं, पण गेली नाही. पलंगाच्या कडेवर बसली आणि हेडफोन काढून उशीवर ठेवला.

"म्हणा आता एखादी," ती म्हणाली. "तुमची नको. शाळेतली."